सोपवलेलं

श्रीदेवी बोलायला लागली की चार घरं पलीकडं ऐकू जायचं. उमरग्याहून कर्नाटकाच्या हद्दीकडं निघालं की लागणाऱ्या एका लहानशा गावात ती चौदा वर्षं आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती होती. पाणी उकळून प्या, लस टोचून घ्या, आधी दवाखान्यात चला, असं तिचं दिवसभर चालायचं. लोक मागून तिला कलेक्टरीण म्हणायचे आणि तिला ते मनातून आवडायचं. तिच्या दरडावण्यामुळंच गावातली बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली होती, हेही खरं.

बधले नाहीत ते एकटे बंडप्पामामा. साठीचे, काटक, मेंढरं राखणारे. खोकला थांबेना म्हणून थुंकी तपासली तर टीबी निघाला. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. मामांनी बारा दिवस घेतल्या. मग लघवी तांबडी झालेली बघून घाबरले आणि गोळ्यांचं पाकीट मेंढरांच्या वाड्याच्या काटक्यांच्या कुडात खोचून टाकलं.

"मामा, गोळीनंच रंग येतो तसा. त्यानं काय होत न्हाय. घ्या म्हणते ना म्या!"

"तू कोण गं मला सांगणारी? जल्मभर मेंढरं हाकली म्या. मला कुणी हाकायचं न्हाय."

ती रोज जात राहिली, ते रोज टाळत राहिले. एकदा पारावर चार माणसांत ती चिडून बोलून गेली, "तुमच्यापायी नातवंडांना लागण झाली म्हंजे?" मामा उठले, घरात गेले आणि दार लावून घेतलं. त्यांचा आजार तोवर गावात कुणाला ठाऊक नव्हता. श्रीदेवीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात बैठकीसाठी ती उमरग्याला गेली आणि परतताना एस्तेर सिस्टरांकडं थांबली. या निवृत्त नर्सबाईंनीच तिला सुरुवातीला सगळं शिकवलं होतं. सत्तरी ओलांडल्यावर सिस्टर चर्चमधल्या पाळकांकडं ग्रीक शिकायला बसल्या होत्या. नवा करार मुळातून वाचायचा म्हणून. समोर वही उघडी होती.

श्रीदेवीनं घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. सिस्टरांनी वही तिच्याकडं सरकवली.

"हा ग्रीक शब्द बघ. एंतोले. आमच्या मराठी बायबलात याला आज्ञा म्हटलंय."

"म्हंजे हुकूमच की."

"हुकूम हा अर्थ आहेच त्यात. पण तेवढाच न्हाय. पौल नावाचा प्रेषित अथेन्सात एकटा पडला, तेव्हा त्यानं सोबत्यांना निरोप धाडला, लवकर माझ्याकडं या म्हणून. तिथंही हाच शब्द. येशू म्हणतो, बापानं माझ्यावर हे काम सोपवलं, तिथंही हाच. म्या काय पंडित न्हाय श्रीदेवी. पण मला वाटतं, ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच माणूस असं सांगून धाडतं."

बसमध्ये खिडकीशी बसून श्रीदेवी तोच विचार करत राहिली. बंडप्पामामांना तिनं शंभरदा सांगितलं होतं. त्यांच्यावर सोपवलं मात्र काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाड्यावर गेली आणि आधी हात जोडले. "मामा, पारावर बोलले ते चुकलं माझं. माफ करा."

मामा लोकर झटकत राहिले.

"आज तुमच्या गोळीसाठी आले न्हाय. द्वारकाबाईंनाबी हाच आजार निघालाय. एकट्या राहतात, डोळ्यांनी नीट दिसत न्हाय. त्यांना विचारूनच आलेय. रोज त्यांच्या गोळ्या मोजून द्यायला कुणीतरी पाहिजे. गावात या गोळ्यांची माहिती असलेलं माणूस तुमीच."

मामांनी लोकर बाजूला ठेवली. मग विचारलं, "किती गोळ्या?"

"त्यांच्या वजनाला तीन."

पहिल्याच दिवशी मामा द्वारकाबाईंच्या अंगणात उभे राहून तीन गोळ्या पुढं करतात तोच त्या म्हणाल्या, "आधी तुमी घ्या, मग म्या घेते." मामांचा नाइलाज झाला. वाड्यावर परत आले, कुडातलं पाकीट काढलं आणि त्याच दिवशी स्वतः होऊन श्रीदेवीसोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पुन्हा तपासून उपचार नव्यानं लावून दिले.

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. दिवाळीनंतर कळप चरायला लांब निघाला, तेव्हा मामांनी मुलाला पाठवलं आणि आपण मागं राहिले. "म्हातारीचं कोण बघंल?" एवढंच म्हणाले. सुरुवातीला द्वारकाबाईंची लघवी तांबडी झाली, तेव्हा समजूतही मामांनीच काढली होती. श्रीदेवी कुंपणाबाहेर उभी राहून ऐकत होती. तिनं तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि तिच्यासाठी ते सोपं नव्हतं.

चैत्रात दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. द्वारकाबाईंचं वजन सहा किलोनं वाढलं होतं. बातमी सांगायला श्रीदेवी वाड्यावर आली, तर मामांनी नुसती मान हलवली.

"बरं झालं. आता कुणाला गोळ्या द्यायच्या हायत?"

"पलीकडच्या वस्तीवर इरम्मा म्हणून एक बाई हाय. तिनं कालपासून गोळ्या सोडल्यात. तिला विचारावं लागंल आधी, तुमी आलेलं चालंल का म्हणून."

"विचार की मग," म्हणत मामांनी खांद्यावर घोंगडं टाकलं आणि ते वस्तीच्या वाटंला लागलेसुद्धा. त्यांना गाठायला श्रीदेवीला भराभर चालावं लागलं.