नाट्यगृहाखालची थडगी

तुरसुनअलीवर माझा विश्वास कधीच नव्हता. नाटकभर रंगमंचाच्या कडेच्या पेटीत लपून बसून दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घालणारा माणूस. याच्या स्वतःच्या मनात काय आहे, ते कुणाला कळायचं? आमच्या जुन्या नाट्यगृहात मी नटांचे कपडे शिवते, तो प्रॉम्प्टर. बायको गेल्यापासून रंगमंचाखालच्या खोलीतच राहतो.

लग्नाचे हॉल बांधणारा साबिरजान नगरपालिकेकडून इमारत घेणार, अशी कुणकुण लागली. म्हणजे आमची रोजीरोटी गेली आणि तुरसुनअलीचं छप्परही. आणि हा शहाणा त्या साबिरजानच्याच कानाला लागलेला! त्याला तळघर काय दाखवतोय, कुजबुजतोय काय!

"मेला घरभेदी! हॉलमध्ये खोली मिळणार असेल," मी नटांना म्हटलं.

तो चहाला आला तेव्हा मी त्याचा प्याला काठोकाठ भरला. आमच्या फरगान्यात मानाच्या माणसाला दोन-दोन घोटच ओततात, पुन्हा पुन्हा. काठोकाठ म्हणजे पी आणि चालता हो.

त्याचा चेहरा उतरला. "आपा, आज फारच माया आली तुम्हाला?"

"आली. पी आणि ऊठ."

तो सगळा चहा प्यायला, पण उठला नाही. "साबिरजान पळाला. मी म्हटलं, ही इमारत पूर्वी एका कापसाच्या व्यापाऱ्यानं कबरस्तानावर बांधलीय. थडग्यांवर नाचून कुणाची लेक सुखानं नांदेल?"

"अरे देवा! खरंच आहेत थडगी?"

"छे हो! इथे गोदाम होतं. खोटं बोल पण रेटून बोल, दुसरं काय?"

मला हसू आवरेना. तरी मनात आलंच, याला थाप इतकी सहज येते, तर मला तरी खरं कशावरून सांगतोय?

थाप बाजारभर झाली. येणारे-जाणारे आमच्या पायऱ्यांपाशी थांबून दुवा मागायला लागले. अंगणातल्या तुतीच्या झाडाला कुणी नवसाची चिंधीही बांधली. नव्या नाटकाच्या पहिल्या खेळाला बाहेर ही गर्दी, आत रिकाम्या खुर्च्या!

"आत या ना, आजी," मी एका म्हातारीला म्हटलं.

"तौबा! मुडद्यांच्या छातीवर बसून हसू होय गं?"

तुरसुनअली पायरीवर उभा राहून ओरडला, "लोकहो, खोटं आहे ते! मीच रचलंय!"

म्हातारीनं त्याला खालीवर न्याहाळलं. "किती चारले रे तुला साबिरजाननं?"

सगळी माणसं त्याच्याकडे तशीच बघायला लागली. मी त्याला हाताला धरून आत नेलं.

प्रेक्षकच नाहीत म्हटल्यावर शरद ऋतूत नगरपालिकेनं कुलूप आणलं. तुरसुनअलीचं अंथरूण-पांघरूण आवरायला मी त्याच्याबरोबर निघाले. तळघराच्या दाराशी तो थांबला, दोन्ही तळवे वर केले, ओठ हलवले आणि हात चेहऱ्यावरून फिरवले.

"अरे, तू कुणासाठी दुवा मागतोस? इथे गोदाम होतं, तूच सांगितलंस ना!"

"गोदामच होतं, आपा," तो हळूच म्हणाला, "पण गोदामाच्या आधी काय होतं, ते मला कुठं माहीत आहे?"