मागच्या कोपऱ्यातली चार फूट जागा

निवृत्ती सोनकांबळे एस.टी.च्या लातूरच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले, तेव्हा सोबतच्या लोकांनी त्यांच्या नावावरून करता येतील तेवढे विनोद निरोपाच्या कार्यक्रमातच करून घेतले. एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांची अंगं सांधली होती. पत्रा, रिव्हेट, खिडक्यांच्या चौकटी, सीटांचे सांगाडे. इंजिनाशी त्यांचा फारसा संबंध नसे. घरी बसवेना म्हणून पुढं त्यांनी लातुरातच एक शेड भाड्यानं घेतली आणि शाळेच्या व्हॅन, मालाचे टेम्पो असं मिळेल ते पत्राकाम करू लागले.

फेब्रुवारीत एके सकाळी त्यांना उदगीरहून फोन आला. बोलणारे वसंतराव चौसाळकर. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर.

"आमची गाडी विकायची आहे. त्याआधी जरा बघून नीट करून द्याल का?"

"कंची गाडी हाय, सर?"

"ते फोनवर सांगणं अवघड आहे," वसंतराव म्हणाले. "या तुम्ही."

गाडी कुठली ते मालकालाच सांगता येईना, हे निवृत्तींनी पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते उदगीरला पोचले.

चौसाळकरांच्या अंगणात लिंबाखाली ती उभी होती. बाहेरून सतरा सीटचा जुना टेम्पो, पण खिडक्यांना सुती पडदे, टपावर सोलरची पाटी आणि बाजूला घडीची पायरी. निवृत्ती आत शिरले आणि एक तास बाहेर आले नाहीत. दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी त्यांनी चारदा उघडमीट केली. दोन बर्नरची शेगडी, स्टीलचं बेसिन, डबे हलू नयेत म्हणून कपाटाला लावलेल्या आडव्या पट्ट्या, सगळं हात लावून पाहिलं. मागच्या कोपऱ्यात एक अरुंद दार होतं. ते उघडलं तर आत चार फूट लांब, अडीच फूट रुंद खोली. कमोड, डोक्यावर फवारा, कोपऱ्यात नळ. एवढ्याशा जागेत संडास आणि न्हाणी दोन्ही.

वसंतरावांचा डावा डोळा निकामी झाला होता. गाडी चालवणं बंद झालं, आणि आता मुलाकडे, श्रीनाथकडे, नांदेडला कायमचं जायचं ठरलं होतं. गल्लीत सगळे तिला घरगाडी म्हणत. दहा वर्षांत ती चंबळ बघून आली होती, स्पितीला जाऊन आली होती, ब्रह्मपुत्रेच्या काठी अठरा दिवस राहिली होती.

निवृत्तींच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. शेवटी त्यांनी विचारलंच. "सर, एवढं मोठं घर हाय तुमचं. जाल तिथं लॉज हायत, पावणेरावळे हायत. मग ही असली गाडी काहून केली?"

वसंतराव हसले. "मी नुसता ड्रायव्हर. हे मॅडमना विचारा."

त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, "सांगेन," म्हणाल्या, आणि परत सुपात बघू लागल्या.

निवृत्तींची लेक लुंबिनी उदगीरलाच दवाखान्यात परिचारिका होती. तिच्याकडे मुक्काम टाकून त्यांनी काम सुरू केलं. त्यांची पद्धत ठरलेली. छोटी हातोडी घ्यायची, गाडीखाली आडवं व्हायचं आणि एका टोकापासून पत्रा वाजवत जायचं. धडधाकट लोखंड ठणठण बोलतं. मागच्या कोपऱ्यात आल्यावर आवाज बसला. अजून एक ठोका दिला तर तांबड्या गंजाचा पोपडा त्यांच्या छातीवर पडला. वर जाऊन त्यांनी न्हाणीची तळफळी उचकटली. प्लायवूड फुगून पोळीसारखं सुटलं होतं आणि खालची आडवी पट्टी गंजानं अर्धी खाल्लेली होती. पाण्याच्या पाइपाचा उतार चुकला होता. दर वेळी वाटीभर पाणी मागं राहायचं आणि दहा वर्षं ते तिथंच मुरत होतं.

शेगडीखाली दुसरी गोष्ट सापडली. गॅसची टाकी ज्या खणात होती, त्याला तळाशी भोकच नव्हतं. गॅस जड असतो, गळाला तर खाली साचतो. निवृत्तींनी कुणाला काही न सांगता आधी तिथं हात मावेल एवढी जाळी बसवली आणि मग वसंतरावांना बोलावून दाखवलं. वसंतरावांनी वाकून त्या जाळीवर बोटं फिरवली. "दहा वर्षं आम्ही याच्या वर झोपलो," ते म्हणाले.

न्हाणीबद्दल निवृत्तींनी त्यांना सरळ सल्ला दिला. "ही खोली काढून टाकू, सर. खाली पट्टी मारतो, वर सपाट फळी टाकतो. घेणाऱ्याला जागा बी मोकळी भेटंल."

उत्तर ओसरीवरून आलं. "ती खोली निघायची नाही, निवृत्तीराव."

प्रेमलाबाई उठून आल्या आणि गाडीच्या पायरीवर बसल्या. "परवा तुम्ही विचारलं होतं ना? ऐका मग."

त्या पंचवीस वर्षांच्या असताना देगलूरच्या पलीकडे एका गावात शिक्षिका म्हणून लागल्या. देगलुरात खोली घेतलेली, तिथून रोज पहाटे सहाची बस, मग अडीच किलोमीटर चालणं. शाळा दोन खोल्यांची. मास्तर लोक ओढ्याकडं जाऊन यायचे. बाईला जायला जागाच नव्हती. सकाळचा कपभर चहा घेतला की संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असा त्यांनी नियम करून टाकला. अकरा वर्षं तो पाळला. मग मूतखडा झाला, ऑपरेशन झालं. पुढं बदली उदगीर गावातच मिळाली, पण धास्ती गेली नाही. लांबचं लग्न असलं की त्या काहीतरी कारण काढून मागं राहायच्या. वसंतराव दर वर्षी पोरांच्या सहली घेऊन जायचे, त्या कधी सोबत गेल्या नाहीत.

"सत्तावीस वर्षं यांचा समज होता की मला प्रवासाची आवड नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या. वसंतराव लिंबाच्या खोडाकडे बघत होते. "निवृत्त झाल्यावर हे गाडीचं खूळ घेऊन बसले. म्हटलं, येते, पण एक गोष्ट मी सांगेन तशी करायची. मी आलेखाच्या कागदावर ही खोली काढली. गुडघा कुठं येईल, कडी कुठं पाहिजे, सगळं मोजून. आधी ही खोली झाली. बाकीची गाडी तिच्याभोवती केली."

त्या दिवशी निवृत्तींनी काम लवकर थांबवलं.

दुसऱ्या दिवशी लातूरहून जाड पत्रा मागवून त्यांनी नवी पट्टी टाकली, प्राइमरचे दोन हात दिले, पाइपाचा उतार पाणसळ लावून साधला. न्हाणीखाली एकसंध स्टीलचा ट्रे बसवला, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचणारच नाही. तळ झाकण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी विमा झाला, फिटनेसचं प्रमाणपत्र मिळालं. तपासायला आलेले साहेब पाच मिनिटांचं काम सोडून पाऊण तास आतच रमले, कपाटं उघडून बघत बसले. मग वसंतराव म्हणाले, "लांबवर चालवून बघा एकदा. घेणाऱ्यानं काही विचारलं तर तुम्हांला सांगता आलं पाहिजे."

निवृत्तींची बायको भामाबाई लेकीकडं आलीच होती. तिची थोरली बहीण साखराबाई देगलूरला असते. तिच्याकडंच जाऊन येऊ म्हणून नवराबायको गाडी घेऊन मुक्रमाबादच्या रस्त्यानं निघाले. ऊन चढत होतं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शिवारं. निवृत्तींचे कान गाडीच्या खडखडाटाकडं होते. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की भामाबाईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावलीय आणि निम्मी संपवलीय. त्यांनी आरशातून परत एकदा पाहिलं.

"तहान लई लागली का?"

"न्हाई. आज पिऊन राहिले, सोय हाय म्हणून."

"म्हंजे?"

भामाबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. "आपण नागपूरला किती येळा गेलो? धम्मचक्राच्या दिसाला?"

"लई येळा. पंधरा-सोळा तरी."

"आदल्या दिसापासून पाणी बंद ठेवायचे मी."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी इचारलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता, हे निवृत्तींना जास्त लागलं. एकतीस वर्षं त्यांनी बाकं मोजून बसवली होती, पायऱ्यांची उंची इंचात पाठ होती. त्या बाकांवर बसणाऱ्या निम्म्या माणसांनी तोंड कोरडं ठेवून प्रवास केला असेल, हे डोक्यात आलंच नव्हतं. मुक्रमाबादच्या अलीकडं त्यांनी एका बाभळीखाली गाडी थांबवली. भामाबाई मागं गेल्या. निवृत्ती खाली उतरून उगीच टायरांची हवा बघत राहिले.

देगलुरात साखराबाईंच्या दारात गल्ली जमा झाली. निवृत्ती बाजूला उभं राहून न्याहाळत होते. पुरुष आले की स्टेअरिंग, टप, ॲव्हरेज. बाया आल्या की सरळ मागच्या दाराकडं. शेजारच्या एका म्हाताऱ्या तेलुगू बाईनं आत डोकावून नळ सोडला, पाणी जातंय कुठं ते वाकून बघितलं आणि "बागुंदी, बागुंदी" म्हणत मान डोलावली. छान आहे म्हणाली, असं साखराबाईंनी सांगितलं. ती म्हातारी दोनदा परत येऊन बघून गेली.

गाडीची जाहिरात श्रीनाथनं नांदेडहून मोबाइलवर टाकली होती. त्यात मागच्या खोलीचा फोटो नव्हता, 'सामानासाठी जागा' एवढंच लिहिलं होतं. संडासाचा फोटो कसा टाकायचा, असं त्याला वाटलं. फोन भरपूर आले. एकाला प्रचारासाठी गाडी हवी होती, टपावर उभं राहता येईल का विचारत होता. एकाला चहाचं हॉटेल काढायचं होतं. लातूरच्या एका क्लासवाल्याला गावोगाव फिरतं ऑफिस करायचं होतं. तिघंही येऊन गेले आणि तिघंही म्हणाले, मागची खोली काढून द्या.

श्रीनाथचा निवृत्तींना फोन आला. "काका, आईला जरा समजावा. काढून टाकू ती खोली. आणि खालच्या वेल्डिंगचं कुणाला सांगत बसू नका, उगाच शंका येते लोकांना."

"श्रीनाथभाऊ," निवृत्ती म्हणाले, "मला एक डाव माझ्या पद्धतीनं लिहू द्या. आठ दिवसांत गिऱ्हाईक न्हाई आलं तर तुम्ही म्हणाल ते करतो."

त्यांनी दार उघडं ठेवून खोलीचा फोटो काढला. त्याखाली गंजलेल्या पट्टीचा आणि नव्या पट्टीचा, दोन्ही फोटो लावले. मजकूर लुंबिनीकडून टाइप करून घेतला: 'गाडीत संडास-न्हाणी आहे, आतून कडी लागते. खालचा पत्रा गंजला होता, नवीन टाकला, फोटो पाहावेत.'

सहाव्या दिवशी निलंग्याकडून आरती बिराजदार आली. वय छत्तीसच्या आसपास, स्वतः पिकअप चालवत. तिच्याकडे मधमाश्यांच्या एकशेऐंशी पेट्या होत्या. करडई, सूर्यफूल, कांद्याचं बी, जिथं फुलोरा असेल तिथं पेट्या न्यायच्या आणि महिना महिना शेताच्या बांधावर तंबू ठोकून राहायचं. तिनं किंमत विचारली नाही, ॲव्हरेजही विचारलं नाही. ओढणी कमरेला खोचली, मोबाइलचा उजेड लावला आणि गाडीखाली शिरली. निवृत्ती शेजारी आडवे झाले. त्यांनी हातोडी तिच्या हातात दिली. तिनं आधी जुना पत्रा वाजवला, मग नवा.

"आवाज येगळा हाय," ती म्हणाली.

"नवा जाड हाय म्हणून. जुना बी पक्का हाय, वाजवून बघा अजून."

मग ती वर गेली, मागच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर वसंतराव, प्रेमलाबाई, निवृत्ती तिघं उभे. पाणी सुटल्याचा आवाज, मग काहीच नाही. पाच मिनिटं गेली, सात गेली. वसंतराव काही विचारायला पुढं झाले तेव्हा प्रेमलाबाईंनी त्यांचा हात धरला.

आरती बाहेर आली तेव्हा तिचे केस ओले होते. "फवारा बघत होते," ती म्हणाली. "आनी जरा बसले. सहा वर्षं झाली मॅडम, अंधार पडायची वाट बघते मी रोज. कुण्या गावचं शेत, कुण्या गावची माणसं."

प्रेमलाबाईंनी तिला घरात नेलं, पोहे केले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. माश्या एका रात्रीत नवी जागा कशा ओळखतात? फुलोरा संपल्यावर काय खातात? पेट्या हलवताना त्यांना कळतं का? आरती खात खात सगळं सांगत होती. व्यवहाराचं बोलणं मधल्या वेळात कधीतरी उरकलं, आणि आरतीनं फारशी घासाघीस केली नाही.

आठवड्यानं कागदांवर सह्या झाल्या. गाडी न्यायच्या दिवशी प्रेमलाबाई तासभर आरतीसोबत आत होत्या. टाकी कधी रिकामी करायची, कुठला खटका अडकतो, थंडीत पाइपात काय होतं, सगळं दाखवत. वसंतरावांनी आरतीला गाडी मागं घ्यायला मदत केली, "अजून, अजून, बस," म्हणत. गाडी वळणाआड गेल्यावर दोघं आत जाऊन उरलेलं सामान बांधू लागले. नांदेडचा टेम्पो दुपारी यायचा होता.

जानेवारीत आरतीचा निवृत्तींना फोन आला. ती औशाजवळ करडईच्या शेतात होती. "मिस्तरी, बाहेरच्या नळाचं वायसर गेलंय, थेंब थेंब गळतंय. आनी माश्या तिथं रांग लावून राहिल्यात. येऊन बघता का?"

वायसर ती स्वतः बदलू शकली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं. निवृत्ती भामाबाईंना घेऊन दुपारच्या बसनं गेले. शिवार पिवळं-केशरी झालं होतं. गाडीच्या मागच्या बाजूला, नळाखालच्या ओल्या मातीवर, शेकडो माश्या डोकी खाली घालून पाणी पीत होत्या. एक उठली की दुसरी तिच्या जागी.

निवृत्तींनी पिशवीतून पाना काढला, पण हातातच धरून ठेवला. चपला बाजूला सोडून ते उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

"पसरट घमेलं ठेवते मी उद्या, पाणी आनी माश्यांला बसायला खडे घालून," आरती म्हणाली. "मग वायसर बदला."

"व्हय," निवृत्ती म्हणाले. "ह्यांला दिसाला किती पाणी लागत असंल?"

ते आरतीलाही नक्की सांगता येईना. भामाबाई पदर सावरून त्यांच्या शेजारी बसल्या, आणि तिघं मिळून मोजायचा प्रयत्न करू लागले.