ग्राफिक्स कार्डावरच्या अक्षता

घरचा कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला. एकेक पार्ट कुरियरनं सेलूला मागवला होता. कचेरीतून आलं की त्याच्यावर गेम लावायचा, एवढंच माझं सुख. दसरा झाला आणि त्याला काय झालं कोण जाणे, गेम सुरू केला की पडद्यावर चित्रं उमटवणारं ग्राफिक्स कार्ड तव्यासारखं तापायचं, पंखे घरघरायचे आणि स्क्रीन फटकन काळी!

झाकण उघडलं तर कार्डावर झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, कुंकू. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खंडेनवमीला गाडी, पुस्तकं, शिलाई मशीन यांच्याबरोबर माझ्या कॉम्प्युटरचीही पूजा केली होती. वरच्या जाळीतून सगळं आत पडलं होतं. माझं डोकंच फिरलं. बैठकीत दादांचे जुने सोबती चहा पीत बसले होते, सगळे निवृत्त मास्तर. त्यांच्यासमोर तळहातावरच्या अक्षता नाचवत मी ओरडलो, "हे बघा काय करून ठेवलंय! वाट लावली तुमी मशीनची!"

दादांची सगळी नोकरी वालूरच्या शाळेत गेली. ते नुसते खाकरले तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. माफी मागताना तर मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. ते कपबशी ठेवून चक्क उभे राहिले. म्हणाले, "चुकलं माझं. मला काय कळतंय ह्यातलं." एक सोबती हसला, "गुरुजी, आज तुमालाच छडी बसली की!" आणि खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं.

ब्रशनं सगळं झाडून काढलं. कार्ड तरी तापायचंच. झाकण उघडं ठेवलं की मात्र थंड. म्हणजे कार्ड चांगलं होतं, हवाच खेळत नव्हती. हवा कुठून कुठं जाते ते बघायला मी देवघरातली उदबत्ती पेटवली आणि समोरच्या पंख्यांपुढं धरली. धूर आत ओढला जायला पाहिजे होता. तो सरळ माझ्या तोंडावर आला. पंखे उलटे बसले होते. सणाच्या साफसफाईत धूळ पुसायला मीच ते काढले होते आणि घाईत मीच उलटे बसवले होते. अक्षतांचा काडीचा संबंध नव्हता.

लाजेनं कानशिलं तापली. मान वळवली तर दारात दादा. त्या दिवसापासून ते ह्या खोलीत आले नव्हते.

"तू बी पूजा करायलास का त्याची?" त्यांनी हळूच विचारलं.

सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंसुद्धा. "हवा बघायलोय," एवढंच निघालं.

पंखे सुलटे केले, झाकण लावलं, गेम सुरू केला. मस्त चालला. दादा उंबऱ्याबाहेरच उभे होते.

"आता तापत न्हाई ना?"

"न्हाई."

"माझ्या अक्षतांनीच झालं होतं ना सगळं?"

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "हां," म्हणालो.

"सुटलो बाबा!" दादांनी मोठा श्वास सोडला. "लय घोर लागला होता जिवाला. थांब, मास्तर मंडळींना सांगून येतो. म्हणतो, चूक माझीच होती, पण पोरानं सांभाळून घेतलं."

आणि चपला घालून ते लगबगीनं निघालेसुद्धा.