बाई चिडलेल्या नव्हत्या

बाईंनी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. सात ट्यूबा, दोन डब्या आणि कोरफडीचं अर्धं पान बाहेर पडलं.

पाच मिनिटांपूर्वी मी त्यांना विचारलं होतं, तोंडाला काय लावता? उत्तर आलं होतं, काही नाही.

मी स्किनचा डॉक्टर. पनवेलला एसटी स्टँडजवळ माझं क्लिनिक आहे. हा प्रश्न मी दिवसाला वीस-पंचवीस वेळा विचारतो. उत्तर एकच, फक्त आवाज वेगळे. ओवे गावची आजी म्हणते, "काय नाय रं पोरा, निस्तं पानी." खारघरच्या मॅडम म्हणतात, "नथिंग डॉक्टर, ओन्ली नॅचरल." मग मी सांगतो, ते 'काही नाही' पुढच्या वेळी पिशवीत घालून आणा. बाईंनी पिशवी सोबतच आणली होती. शिक्षिका ना. उत्तर चुकीचं, पण वही पूर्ण.

या म्हात्रे बाई. मूळच्या चिरनेरच्या, पण तीसएक वर्षं पनवेलच्या शाळेत. आठवी ते दहावी मला त्यांनीच गणित शिकवलं. बाई वर्गात शिरल्या की गाल लाल, नाक लाल, हनुवटी लाल. आम्ही साठ जण गप्प. बाई चिडल्यात, एवढं आम्हाला पुरायचं. मी त्यांची नक्कल करायचो. एका गॅदरिंगला तर गालांना कुंकू फासून स्टेजवर गेलो होतो. पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष बसले होते. ते हसून हसून खुर्चीवरून घसरले.

आता तेच गाल मी भिंगाखाली बघत होतो. बारीक लाल रक्तवाहिन्यांचं जाळं. त्यावर पुरळ, पण तारुण्यपीटिकांमध्ये असतात तसे काळे ठिपके कुठेच नाहीत. जळजळ होते का विचारलं. कायम होते म्हणाल्या, चहा प्यायला की जास्त. कधीपासून विचारलं.

"तू आठवीत होतास तेव्हापासून. तेव्हा वाटायचं तुझ्यामुळे होतं."

याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या भारी नाजूक स्वभावाच्या होतात. ऊन लागलं, गरम प्यायलं, तिखट खाल्लं, टेन्शन आलं, की फुगतात. सुरुवातीला लाली येते नि जाते. पुढे मुक्कामच करते. सावळ्या चेहऱ्यावर ती पटकन दिसत नाही, म्हणून आपल्याकडे कित्येकांचं निदान राहून जातं. जळजळ मात्र तेवढीच होते. बाई गोऱ्या, त्यामुळे त्यांची लाली शेवटच्या बाकावरूनही दिसायची.

पण खरा घोटाळा पिशवीत होता. सातपैकी पाच ट्यूबा एकाच प्रकारच्या. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकत्र. खाजेसाठी कुणीतरी मेडिकलमधून आणलेली ट्यूब स्टाफरूममध्ये फिरली. एकीचे डाग गेले, दुसरीचा रंग उजळला, बाईंची लाली उतरली. दोन वर्षं रोज रात्री लावत होत्या.

मी म्हटलं, "बाई, स्टिरॉइड म्हणजे वर्गातला मॉनिटर. उभा आहे तोवर शांतता. हलला की दुप्पट गोंधळ. आणि रोज मॉनिटरच उभा केला तर वर्ग बिघडतो. तुमची कातडी पातळ झालीय. आजपासून ही बंद."

"बंद केली तर?"

"तीन-चार आठवडे चेहरा आत्तापेक्षा वाईट होईल. मग उतरायला लागेल."

बाईंनी सगळ्या ट्यूबा परत पिशवीत भरल्या. म्हणाल्या, आजपासून एकविसाव्या दिवशी इंटरव्ह्यू आहे. मुख्याध्यापिकेच्या जागेचा. याआधी दोनदा नाव गेलं होतं आणि दोन्ही वेळा अध्यक्षांनी एकच शेरा मारला होता. बाई हुशार, पण तापट. रिटायर व्हायला चार वर्षं. आता नाही झालं तर नाहीच. तेव्हा इंटरव्ह्यू होईपर्यंत ट्यूब चालू ठेवू, नंतर तू म्हणशील ते.

खरं सांगतो, 'बरं' म्हणणार होतो. यांच्यासमोर नाही म्हणायची माझी प्रॅक्टिसच नाही. पण पाच ट्यूबांपैकी शेवटच्या दोन एका महिन्यात संपलेल्या. म्हणजे आता औषध वाढवूनही लाली ऐकत नव्हती. तीन आठवडे आणखी रेटलं असतं तर चेहरा कदाचित ऐन इंटरव्ह्यूत फुटला असता. मी नाही म्हटलं. कमी डोसची गोळी, रात्री लावायचं जेल, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लिहून दिलं. सोबत एक काम दिलं. चेहरा पेटला की वेळ आणि कारण लिहायचं.

आठव्या दिवशी बाई आल्या. चेहरा सुजलेला, पापण्यांपर्यंत लाल. वेटिंगमधल्या दोघी चुपचाप सरकून बसल्या.

"बघ काय केलंस. मी नाय जानार त्या इंटरव्ह्यूला."

ही मात्र खरी चिडलेली भाषा. एरवी बाई इतकं शुद्ध बोलतात की आमच्यासारख्यांना खोकला यावा. चिरनेर बाहेर पडलं की समजायचं, आता राग आलाय. हे चेहरा बघणाऱ्यांना कळायचं नाही. नक्कल करणाऱ्याला कळायचं.

मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला दिल्या. जळजळ कमी करायला आणखी एक मलम वाढवलं. चेहरा थंड होईपर्यंत त्यांची वही वाचली. लाल शाईचा समास, अनुक्रमांक, सगळं. पळस्पे फाटा, रिक्षा नाही, ऊन. स्टाफरूम, उकळता चहा. सुकटीचं कालवण. प्रार्थना, मैदान. आठवी क. आठवी क. आठवी क. मी म्हटलं, आठवी 'क'वर औषध नाही, बाकीच्यांवर आहे. छत्री घ्या. चहा कोमट करून प्या. सुकटीत मिरची अर्धी.

बाई हसल्या नाहीत. पट्टी गालावर धरून म्हणाल्या, "अध्यक्ष अजून सांगतात रे तुझी ती नक्कल. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. कुंकवासकट."

त्यांना तापट म्हणून फेमस करण्यात निम्मा हात माझाच. मी घाईघाईने म्हटलं, सर्टिफिकेट देतो, हवं तर अध्यक्षांशी मी बोलतो.

"डॉक्टरची चिठ्ठी आणणाऱ्या पोरांना मी कधी सोडलंय का? आणि आता मीच चिठ्ठी नेऊ?"

"मग स्वतः सांगा."

बाई उठल्या. वही घेतली आणि गेल्या.

एकविसाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. झालेलं सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं, आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. सूज उतरली होती, लाली होती. बसल्या बसल्या गरम चहा पुढे आला. बाईंनी तो बाजूला सरकवला आणि पंख्याखालची खुर्ची मागितली. अध्यक्षांनी चेहऱ्याकडे बघितलं आणि बाकीच्यांना डोळा मारत म्हणाले, "काय बाई, सुरुवातीलाच रागावलात?"

"राग नाही. आजार आहे. रोझेशिया. पूर्ण बरा होत नाही, रोज सांभाळावा लागतो."

अध्यक्ष म्हणाले, इतकी वर्षं बोलला नाहीत.

बाईंनी त्यांना सांगितलं, "इतकी वर्षं कुणी विचारलं नाही. सगळे म्हणायचे बाई रागीट. मलाही वाटायचं, असेन. वर्गात पाऊल टाकायच्या आधी मी स्वतःला बजावायचे, आज चिडायचं नाही. आणि मी चिडलेलीच नसायचे."

फोनवर मी एवढंच विचारलं, मग निकाल? आठ दिवसांनी कळवतो म्हणालेत, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. जागा त्यांना मिळाली, पण एका वर्षासाठी. वागणूक बघून पुढचं ठरवू, असं पत्रात होतं. कुणाची वागणूक ते लिहिलेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी फॉलोअपला आल्या तेव्हा पुरळ गेलं होतं. लाली फिकी, जाळं जवळून बघितलं तरच दिसेल असं. मी खूश. बाई नव्हत्या.

"स्टाफ घाबरून असतो. शिपाई चहा दारातच ठेवून पळतो. आधी चेहरा बघून कळायचं म्हणे, कधी आत यायचं नि कधी नाही. आता काही कळतच नाही."

गोळीच्या पाकिटावर हा साइड इफेक्ट लिहिलेला नाही. मी म्हटलं, गोळी थांबवू, पण जेल आणि सनस्क्रीन चालू. आजार गेलेला नाही, झोपलाय. त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, कायम. बाईंनी वहीत 'कायम' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा एवढंच. कुणाचा चेहरा लाल दिसला तर राग आलाय असं धरून चालू नका. आधी विचारा. खरंच आलेला असेल, तर उत्तरात कळेलच.