खालच्या घराचा जिना

महाडच्या साइट ऑफिसात माझं काम एकच: ठेकेदाराला पडलेले प्रश्न सल्लागार कंपनीकडे पाठवायचे आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या मागे लागायचं. आम्ही त्याला क्वेरी म्हणतो. उत्तर आलं की क्वेरी बंद. उत्तरात अर्थ आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

पोलादपूरच्या पुढे हायवेच्या रुंदीकरणाला डोंगर उभा कापला आणि एका वाडीची पायवाट मधोमध तुटली. वाडी वर राहिली, एकच घर रस्त्याच्या खाली. तिथे एक म्हातारी एकटीच राहायची, मुलगा-सून मुंबईला. शिमग्यात गावदेवीची पालखी याच वाटेने तिच्या अंगणात उतरायची. पालखीची वाट ठरलेली, ती कुणी बदलत नाही. आमच्या इंजिनिअरने विचारलं, इथे जिना द्यायचा का? मी क्वेरी पाठवली.

उत्तर आलं, ‘नकाशाप्रमाणे काम करावे.’ अहो, नकाशात पायवाटच नाही म्हणून तर विचारतेय! क्वेरी मात्र बंद झाली. मी नवी पाठवली, फोन केले. तिथले साहेब कायम मीटिंगमध्ये. पालथ्या घड्यावर पाणी.

मी साइटवर गेले की म्हातारी रस्त्याकडेला यायची.

“काय गो बाय, आला का जबाब?”

“येईल, आजी.”

शिमगा आला, उत्तर नाही. पालखी कापलेल्या कडेशी येऊन थांबली. मानकऱ्यांनी वरूनच तिच्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घातलं. ती खाली, सारवलेल्या अंगणात ओटीचं ताट घेऊन उभी. ढोल माघारी फिरले तरी ती ताट धरून होती. मला रडू आलं आणि त्या साहेबाचा भयंकर राग आला.

थोड्याच दिवसांनी मुलगा तिला न्यायला आला. मी म्हटलं, “जिना होईल हो आजी, मी सोडणार नाही.”

“देवी दारात आली नाय,” ती दाराला कुलूप लावत म्हणाली, “मंग मी कुनासाठी ऱ्हाऊ गो?”

पावसाच्या तोंडावर उत्तर आलं. या खेपेस त्यांनी खरंच माणूस पाठवून पाहणी केली होती. ‘रस्त्याच्या खालच्या बाजूस कोणीही राहत नाही. जिन्याची आवश्यकता नाही.’ सोबत कुलपाचा फोटो. मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.