दर्याची जागा

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका रेघेवरून मीटिंग उधळते. त्यामुळे बहिणीच्या सासरी, कोळीवाड्यात, समुद्र आत सरकतोय म्हणून गाव मागे कुठे हलवायचं ते ठरवायला सगळे किनाऱ्यावर जमले, तेव्हा मी भांडणाचीच वाट बघत होते.

ओहोटीच्या ओल्या वाळूत त्यांनी गाव मांडलं, प्रत्येक घराला एक शिंपला. मग बहिणीची सासू काठी घेऊन उठली.

"आधी दर्याची जागा सोडा, मग आपली मांडा," म्हणत तिनं लांबलचक रेघ ओढली. तिचं स्वतःचं घर दर्याच्या बाजूला गेलं. तिनं तो शिंपला उचलून मागे टेकडीपाशी ठेवला.

कुणी हुज्जत घातली नाही. एकेक जण वाकला, आपापला शिंपला उचलून रेघेमागे टेकडीकडे मांडत गेला. जो शेजारी इथे होता, तोच तिथे.