खोगिराखालची जखम

ओल्या चामड्याचा वास आला की निजामाच्या अमलातली बालाघाटातली ती दौड आठवते. मी घोड्यांचा मोतद्दार. हौसेनं हैदराबादेहून आलेल्या एका साहेबाला कपिलधारहून धारूरचा किल्ला दाखवायला निघालेलो. दुसऱ्या दिवशी अर्ध्या घाटात खोगीर उतरवलं, तर घोडीची पाठ सोलून रक्ताळलेली. "सरकार, हिला दोन दिस इसावा द्या. लई सोसलंय तिनं," मी हात जोडून म्हणालो. "जानवर है, मरता नहीं. कसो जीन!" म्हणत त्यानं त्या जखमेवरच चाबूक ओढला. घोडी थरथरली आणि माझं डोकं फिरलं. खोगीर दरीत भिरकावून मी ओरडलो, "आता पायी चला!" शिव्या देत तो घाट चढला, मी घोडीला घेऊन माघारी फिरलो. चाकरी गेली, त्याचं काही वाटलं नाही. आज म्हातारपणी राग येतो तो माझाच. एवढं होऊनही मी त्याला 'चला' म्हणालो. 'चल बे' का नाही म्हणालो?